कार्यकारिणीस उभे राहणे : हक्क आणि जबाबदारी

(मंडळाच्या वार्षिक कुटुंबमेळाव्यात रेवस येथे केलेले भाषण)



यंदा आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीची मुदत संपत आहे. येत्या सर्वसाधारण सभेत नवी कार्यकारिणी निवडावयाची आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक तर आपल्या गावांपासून कधीच फार दूर नसते. एक पार पडली की दुसरीची बोलणी पारावर सुरू होतात. अशा वेळी चिटणीसांनी आम्हांस ‘समाजाची एकी’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय जुना आहे आणि त्यावर टाळ्या मिळविणे सोपे आहे. परंतु या विषयाच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे व तो प्रत्येक निवडणुकीच्या वेळी वर येतो. एकी हवी म्हणून निवडणूक नको, दुसरे नाव पुढे आले की फूट पडली, असे आपल्यांत सर्रास मानले जाते. आम्हांस याच्या नेमके उलट वाटते. ज्या समाजात दुसरे नाव निर्भयपणे पुढे येऊ शकते आणि पराभूत झालेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच पंक्तीस मानाने बसू शकतो, त्याच समाजात एकी आहे असे म्हणता येईल. आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच. मात्र ते नीट पटावे म्हणून थोडे मागे जावे लागेल.

आपला मुलूख खाडीकाठचा. एका अंगास धरमतरची खाडी, समोर करंजा, पलीकडे मुंबई बंदर. भरतीचे पाणी अडवून खाजणाची शेते केलेले आपले पूर्वज. खारभूमीची शेती ही एकट्यादुकट्याची शेती नव्हे. बांध सगळ्यांचा, उघाडी सगळ्यांची, आणि उधाणाच्या पाण्याने बांधास खांड पडली तर नुकसानही सगळ्यांचे. एकदा खारे पाणी शेतात शिरले की त्या वर्षीचे भाताचे पीक तर जातेच, पण जमीनही पुढे काही वर्षे सुधारत नाही. खांड तशीच राहिली तर शेतात तिवरांचे रान माजते. म्हणून खांड बुजविण्यास ओहोटीच्या तेवढ्या वेळात घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, असा दंडक होता. या सामुदायिक कामास आपल्याकडे ‘जोळ’ म्हणत. कोणाच्या शेताजवळ खांड पडली, हे त्या वेळी विचारले जात नसे. पाणी सर्वांच्या शेतांत जाणार, हे सर्वांस ठाऊक होते.

ही व्यवस्था चालविणारे पंच निवडणुकीने येत नसत. वयाने, मानाने किंवा परंपरेने ते पंच असत. त्यांचा शब्द चाले. त्या व्यवस्थेचे गुण आम्ही मुक्तकंठाने मान्य करतो. कागद नव्हते, कचेरी नव्हती, तरी बांध उभे होते. परंतु तिचे दोषही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. स्त्रीस त्या बैठकीत स्थान नव्हते. ज्याच्यापाशी जमीन नाही त्यास आवाज नव्हता. आणि पंचांचा निर्णय चुकला तर त्यांना बदलण्याचा मार्ग कोणापाशीच नव्हता. पुढे १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा झाला, त्यानंतर १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम आला, आणि पुष्कळशा बांधांची निगा सरकारी खात्याकडे गेली. त्याबरोबर जोळही ओसरला. ‘बांध सरकारचा’ असे आपण म्हणू लागलो. बांध सरकारचा असेल, पण त्याच्या आत येणारे खारे पाणी आपल्याच शेतात येते, याचा मात्र आपल्याला विसर पडला.

पंचांच्या जागी निवडून दिलेली माणसे यावीत ही कल्पना आपल्या भागात हळूहळू रुजली. १९२० साली मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतींचा कायदा झाला, पण त्यात मतदानाचा हक्क प्रौढ पुरुषांपुरताच होता. १९३३ साली दुसरा कायदा आला. स्वराज्यानंतर १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम झाला आणि तो १ जून १९५९ पासून अंमलात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ सालापासून ग्रामपंचायतीस राज्यघटनेचेच संरक्षण मिळाले, स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या, आणि २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. ज्या बैठकीत आमच्या आजीस दाराआड उभे राहूनच ऐकावे लागे, त्या बैठकीत तिच्या नातीची जागा कायद्याने निश्चित झाली. नव्वद वर्षांत झालेले हे परिवर्तन लहान नव्हे.

मंडळे आणि संस्था यांचीही वाटचाल अशीच आहे. ज्ञातीच्या माणसांनी एकत्र येऊन, आपल्यांतूनच समिती निवडून, केवढे काम उभे करता येते याचा एक दाखला मुंबईस गावदेवी येथे आहे. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली तेथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. सहकारी गृहनिर्माण संस्थांत ती आपल्या देशात अगदी पहिल्यांपैकी होय. घरमालकाच्या मेहरबानीने राहणारी माणसे तेथे स्वतःच भाडेकरू आणि स्वतःच मालक झाली. मालकीबरोबर मालकाची कामेही आली. नळ गळला, जिना मोडला, कोणाची वर्गणी थकली, तर आता बोट दाखविण्यास दुसरा कोणी उरला नाही. समिती आपली, तर दोषही आपला. रहिवाशांनी रहिवाशांतून समिती निवडणे म्हणजे काय, हे यावरून कळते.

आज आपल्या समाजातील कित्येक कुटुंबे उरण, पनवेल, नवी मुंबई, ठाणे येथे अशाच गृहनिर्माण संस्थांत राहत आहेत. तेथील तक्रार वेगळी आहे. गावात एका जागेस चार इच्छुक असतात, तर तेथे समितीसाठी कोणी उभेच राहण्यास तयार नसते. सर्वसाधारण सभेस गणसंख्या जमत नाही, सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग जमलेल्या मूठभर मंडळींत उरकली जाते. तेच दोघेतिघे वर्षानुवर्षे समितीवर राहतात व बाकीचे त्यांच्या नावे बोटे मोडत वर्षानुवर्षे बाहेर राहतात. गावातील अति उत्साह आणि शहरातील अति उदासीनता ही दोन्ही एकाच रोगाची लक्षणे आहेत. पद म्हणजे मान, असे आपण समजतो. जेथे मान दिसतो तेथे झुंबड उडते, आणि जेथे नुसतेच काम दिसते तेथे जागा रिकामी राहते.

आता एकीच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. आपल्या तालुक्यात एकीचा सर्वांत उज्ज्वल प्रसंग कोणता, असे विचारले तर शाळेतील मूलसुद्धा चरीच्या संपाचे नाव घेईल. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे शेतकऱ्यांची सभा भरली. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार झाला, आणि पंचवीस गावांतील शेतकऱ्यांनी तो सुमारे सहा वर्षे, १९३९ पर्यंत, पाळला. स्वतःच्या हाताने कसलेली शेते ओस ठेवून, मोळ्या विकून, मजुरी करून या लोकांनी दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचा पक्ष घेतला आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. कुळाच्या हक्काचा मार्ग पुढे याच झगड्यातून मोकळा झाला.

ही एकी कशी निर्माण झाली, याचा विचार करावा. ती कोणी कोणावर लादली असती तर सहा आठवडेही टिकली नसती. ती भर सभेत, प्रश्न मांडून, हानिलाभ डोळ्यांपुढे ठेवून झाली. ज्यास उपाशी राहावयाचे होते त्यास आधी विचारले गेले होते. विचारून झालेली एकी उपासमारीतही टिकते. न विचारता झालेली एकी मात्र पहिल्याच उधाणात बांधासारखी फुटते. आपले पूर्वज ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणत आले. परंतु पाच मुखांपैकी एकच बोलते आणि चार नुसत्या माना डोलावतात, तेथे परमेश्वराने कोणत्या मुखाने बोलावे?

यास्तव ‘बिनविरोध’ या शब्दाचा आपण जरा कसोशीने विचार केला पाहिजे. बिनविरोध निवड झाली की हारतुरे होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. ती निवड खरोखर सर्वसंमतीची असेल तर तिच्याइतके उत्तम काही नाही. गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा नावाचे छोटे आदिवासी गाव आहे. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. परंतु ती सहमती फुकट मिळत नाही. आधी अभ्यासगटात प्रश्नाची चर्चा होते. एकाही माणसाची हरकत असेल तर निर्णय थांबतो आणि पुन्हा चर्चा होते. अशा वळणाने चालणाऱ्या या गावास २००९ साली वनावरील सामूहिक हक्क मिळाला. तेथील ‘बिनविरोध’ म्हणजे सर्वांनी बोलून झाल्यावर उरलेले मौन होय.

याच्या अगदी उलट उदाहरणही याच महाराष्ट्रात घडले आहे. २०२०-२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांची जाहीर बोली लागली. उमराण्यास ती दोन कोटी पाच लाख रुपयांपर्यंत चढली, तर खोंडामळीस बेचाळीस लाखांपर्यंत. पैसा देवळाच्या कामी लावावयाचा असे सांगण्यात आले. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही ठिकाणची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. आम्हांस देवळाविषयी पूर्ण आदर आहे. परंतु देवाच्या नावाने गावाचे मत विकले जावे, हे कोणत्या देवास रुचेल? ज्याने दोन कोटी मोजले तो ते कोठून भरून काढणार, हा हिशेब सोडविण्यास गणिताच्या मास्तराची गरज नाही.

आणि निवडणूक झाली म्हणून गाव मोडते, हेही खरे नाही. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव सर्वांस परिचित आहे. पाणलोटाच्या कामांनी या गावाने आपला दुष्काळ हटविला. तेथे सुमारे तीस वर्षे ग्रामपंचायत बिनविरोध होत असे. जानेवारी २०२१ मध्ये मात्र विरोधात उमेदवार उभे राहिले आणि मतदान झाले. पोपटराव पवार यांच्या बाजूच्या सातही उमेदवारांस लोकांनी निवडून दिले. ज्याचे काम चोख आहे त्याने मतपेटीस भिण्याचे कारण काय? तीस वर्षे न विचारता दिलेला विश्वास लोकांनी त्या दिवशी विचारल्यावर दिला, आणि आमच्या मते त्याचे मोल अधिक आहे.

बंधुभगिनींनो, यापुढे जे सांगावयाचे आहे ते कदाचित काहींच्या कानास कठोर वाटेल. परंतु आपल्याच घरात बसून ते बोललो नाही तर कोठे बोलणार? गेल्या काही वर्षांत सामाजिक बहिष्काराच्या, म्हणजे साध्या भाषेत वाळीत टाकण्याच्या, ज्या तक्रारी महाराष्ट्रात उघडकीस आल्या, त्यांत आपल्या रायगड जिल्ह्याचे नाव ठळकपणे आले. त्यांतील काही तक्रारींचे मूळ निवडणुकीत होते. गावकीने ठरविलेल्या उमेदवाराविरुद्ध कोणी उभा राहिला, किंवा दुसऱ्यास मत दिल्याचा कोणावर संशय आला, एवढ्यावरून त्या घराशी बोलणे बंद झाले. लग्नकार्याची आमंत्रणे थांबली, दुकानातून सामान देणे बंद झाले, मयतास खांदा देण्यास माणूस येईना. कोणत्याही एका जातीचे वा एका गावाचे नाव घेण्याचा आमचा हेतू नाही. आपण सर्वांनी आपापल्या मनास विचारावे, म्हणजे पुरे.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा केला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ या अन्यायास खास असा कायदा नव्हता. २०१६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा अधिनियम संमत केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून अंमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. समाजाच्या आचरणावर नियंत्रण ठेवणारी कोणतीही समिती, मग ती नोंदलेली असो वा नसो, त्या कायद्याच्या व्याख्येत येते. म्हणजे आपले मंडळही त्यातून सुटलेले नाही, ही गोष्ट आपल्या नव्या कार्यकारिणीने पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावी.

परंतु शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर माणुसकीने ही गोष्ट सुटावी अशी आमची इच्छा आहे. रेवसच्या किनाऱ्यावर उभे राहून बोलताना ‘रामदास’ बोटीची आठवण कोणास होणार नाही? १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ती बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. त्या दिवशी कोळी बांधवांनी जी माणसे होड्यांत ओढून घेतली, ती त्यांची जात, त्यांचे गाव वा त्यांचे मत विचारून घेतली नाहीत. बुडणाऱ्यास हात देताना जे विचारले गेले नाही, ते तांदूळ विकताना किंवा खांदा देताना का विचारले जावे?

शिक्षकाच्या नोकरीत आम्हांस मतदान केंद्रावर अनेकदा बसावे लागले. लहान गावातील निवडणूक फार नाजूक असते. प्रभागात मते मोजकी असतात, पाचदहा मतांवर निकाल लागतो. समसमान मते पडली तर चिठ्ठी टाकून निर्णय करावा लागतो. मोजणी झाली की कोणत्या वाडीतील किती मते फुटली याचे तर्क त्याच रात्री सुरू होतात. मत गुप्त असते, परंतु संशयास गुप्ततेची अडचण नसते. सून माहेरच्या नात्याने अमुक उमेदवाराची लागते, म्हणून त्या घराची सगळी मते तिकडेच गेली, असा निकाल पारावर लागतो आणि त्याविरुद्ध अपीलही नसते. म्हणून लहान गावात मताची गुप्तता जपणे ही केवळ सरकारी अधिकाऱ्याची जबाबदारी नाही. ‘तू कोणास मत दिलेस?’ हा प्रश्न विचारणार नाही, एवढी शपथ प्रत्येकाने घेतली तरी निम्मी भांडणे मिटतील.

आता आपल्या मंडळापुरती काही नम्र सूचना करतो. पहिली गोष्ट, सभासदांची अद्ययावत यादी निवडणुकीपूर्वी फलकावर लागावी. आपले नाव यादीत आहे की नाही, हे सभासदास मतदानाच्या दिवशी कळू नये. दुसरी, इच्छुकाने सूचक व अनुमोदकाच्या सहीने अर्ज द्यावा. सभेत अचानक ‘अमक्याचे नाव मी सुचवितो’ असे ओरडून, टाळ्यांच्या गजरात यादी संमत करण्याची प्रथा बंद व्हावी. तिसरी, एकाहून अधिक नावे असल्यास मतदान चिठ्ठीनेच व्हावे, हात वर करून नव्हे. ज्याच्याकडून मुलीच्या लग्नास उसने पैसे घेतले आहेत, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याविरुद्ध हात वर करणे किती जणांस शक्य आहे? चौथी, निवडणुकीचे काम पाहणारी व्यक्ती स्वतः उमेदवार नसावी. पाचवी, जुन्या कार्यकारिणीने निवडणुकीआधी तपासलेले हिशेब सभेपुढे ठेवावेत, आणि नवी कार्यकारिणी येताच इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तके, बँकेचे पासबुक आणि सामानाची यादी सही घेऊन तिच्या स्वाधीन करावी. दप्तर हे चिटणीसाच्या घरचे कपाट नव्हे.

सहावी गोष्ट लहान दिसते, पण मोठ्या संकटाचे मूळ आहे. आपल्यासारखी मंडळे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. विश्वस्तांत वा कार्यकारिणीत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. पुष्कळ मंडळे निवडणूक करतात, हार घालतात, आणि अर्ज देण्यास विसरतात. सरकारी नोंदवहीत मात्र कैलासवासी झालेल्या मंडळींचीच नावे नांदत राहतात. पुढे जागेचा, सभागृहाचा वा बँकेतील ठेवीचा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे कोर्टकचेरी सुरू होते, आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी जमविलेला पैसा वकिलाच्या फीमध्ये जातो. नव्या चिटणीसांनी हारतुरे घरी नेण्यापूर्वी हा अर्ज लिहावयास घ्यावा.

उभे कोणी राहावे? ज्यास वेळ आहे, हिशेब लिहिण्याचा कंटाळा नाही आणि दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकण्याची सवय आहे, त्याने राहावे. देणगीदाराचा आपण सत्कार करावा, त्याचे नाव कोनशिलेवर लिहावे. परंतु देणगी ही कार्यकारिणीच्या खुर्चीची किंमत होऊ नये. तरुणांनी उभे राहावे. ‘अजून लहान आहेस’ असे त्यांना सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की कायद्याने एकविसाव्या वर्षी माणूस ग्रामपंचायतीचा सभासद होऊ शकतो. आणि भगिनींनी तर अवश्य उभे राहावे. सरकारने ग्रामपंचायतीत त्यांस निम्म्या जागा दिल्या, पण आपल्या मंडळांत त्यांच्या वाट्यास अद्याप बहुधा हळदीकुंकवाची व्यवस्थाच येते. घरातील पै-पैचा मेळ घालणारी बाई खजिनदार म्हणून कमी पडेल, असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. मात्र भगिनी निवडून आल्यावर सभेत तिच्या जागी तिचे यजमान बोलू लागले, तर ती निवड झालीच नाही असे समजावे.

आणि जो निवडून येणार नाही त्याचे काय? आमच्या मते त्याचे कर्तव्य विजयी उमेदवाराहून मोठे आहे. त्याने सभेस येणे सोडू नये. हिशेब विचारावा, चूक दाखवावी, आणि काम चांगले असेल तर हात लावावा. विजयी झालेल्याने त्याच्या घरी आधी जावे. गुलाल उधळीत त्याच्या दारावरून मिरवणूक नेण्यात कोणता पुरुषार्थ आहे? बांधास खांड पडेल तेव्हा त्याही घरचा एक माणूस लागणार आहे.

हे सर्व आज इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. आपल्या दारापुढे मोठा बदल उभा आहे. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून ज्याची नुसती चर्चा ऐकत आलो, त्या रेवस-करंजा पुलाचे काम आता हाती घेण्यात आले आहे. आजवर भाऊच्या धक्क्याची लाँच आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक आपल्याला मुंबईपासून जरा अंतरावर ठेवीत होते. ते अंतर आता सरणार. त्यातून मुलांस नोकऱ्या मिळतील, आजाऱ्यास वेळेवर दवाखाना मिळेल, याचा आनंदच आहे. परंतु त्याच वाटेने जमिनीचे गिऱ्हाईकही येईल. गुरचरण, खाजण, पाणवठे, किनाऱ्याची वाट, स्मशानाची जागा यांविषयी ठराव ग्रामसभेपुढे येतील. त्या वेळी खुर्चीवर बोली लावून आलेला माणूस बसलेला असेल, की चार प्रश्नांस उत्तरे देऊन आलेला, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.

शेजारच्या पेण तालुक्याने हे अनुभवले आहे. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचा प्रश्न आला, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांतील शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. शेतकऱ्यास त्याच्या जमिनीविषयी रीतसर विचारले जाण्याचा तो दुर्मिळ प्रसंग होता. विचारले जावे यासाठी त्या लोकांस दीर्घकाळ झगडावे लागले. जे सरकारकडून झगडून मिळवावे लागते, ते आपल्या गावकीत आणि मंडळात आपण एकमेकांस आपण होऊन का देऊ नये? सरकारने आम्हांस विचारावे असे म्हणणाऱ्याने आधी आपल्या शेजाऱ्यास विचारावे.

‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. ती खरी आहे, पण त्यातील ‘गाव’ म्हणजे कोण, हे प्रत्येक पिढीस नव्याने ठरवावे लागते. पारावर बसलेले चौघे म्हणजे गाव नव्हे. जो विरोधात उभा राहिला तोही गाव, ज्याने त्यास मत दिले तोही गाव, आणि जी आजवर दाराआडून ऐकत होती तीही गाव. एवढे मोठे गाव ज्या दिवशी एका सभेत बसेल, त्या दिवशी त्यास कोणताही राव भारी पडणार नाही.

येत्या सभेत अर्ज भरपूर यावेत, मतदान शांततेने व्हावे, आणि निकालानंतर चहा सर्वांनी एकत्र घ्यावा, अशी आमची इच्छा आहे. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.